वरच्या अर्ध्यात बाबा, खालच्या अर्ध्यात मी

लालबागच्या आमच्या खोलीत गुपित म्हणून काही टिकत नसे, आणि त्याला कारण होते बाबांचे कान. बाबा गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकर. उमेदीची सगळी वर्षं मागांच्या खडखडाटात गेली आणि त्या खडखडाटानं कान खाऊन टाकले. त्यांना काही सांगायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे, आणि ओरडलं की ते चाळभर होई. माझा बारावीचा निकाल मी बाबांना सांगितला तेव्हा पेढे मागायला पहिला माणूस आला तो खालच्या मजल्यावरून. एक स्थळ मला पसंत नव्हतं. तेही मी त्यांना ओरडूनच सांगितलं, आणि स्थळ घेऊन आलेले गृहस्थ तेव्हा जिन्यात चपला घालत होते.

गंमत अशी की गिरणीत असेपर्यंत बाबांना आपण बहिरे झालोय याचा पत्ताच नव्हता. साचाखात्यात कुणालाच काही ऐकू येत नसे. सगळे एकमेकांच्या ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलत. संप झाला, माग बंद पडले, आणि बाबा रोज सभेला जाऊ लागले तेव्हा खरी पंचाईत झाली. व्यासपीठ लांब, बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत. शेजारचा टाळ्या वाजवी तेव्हा बाबाही वाजवत. घरी आले की आई विचारी, "काय म्हणाले?" बाबा पाणी पिऊन सांगत, "थोडेच दिवस. मालक आता नमतलो." असं ते कितीतरी महिने सांगत होते. मालक काही नमला नाही. संप संपल्याचंही कधी कुणी सांगितलं नाही. एकेक माणूस आपल्यापुरता तो संपवत गेला.

आईची खानावळ होती. गावाकडून एकटे आलेले गिरणीकामगार आमच्या खोलीत पंगत करून जेवत. संपात ते एकेक करून गावी गेले आणि पंगत आखडत आखडत आम्हा तिघांवर आली. बाबांना पुढे शिवडीला एका गोदामावर वॉचमनची नोकरी मिळाली. बहिरा वॉचमन. चाळीतली पोरं म्हणायची, चोरांची चांगली सोय झाली. बाबांना ते ऐकू येत नव्हतं हे एक बरं होतं. आईला येत होतं, आणि ती त्या पोरांना बोलावून त्यांच्या हातावर लाडू ठेवायची. लाज वाटायला लावायची तिची ती पद्धत होती.

आईला अक्षर वाचता येत नव्हतं. गावाहून पत्र आलं की बाबा उजेडासाठी दारात उभे राहत आणि पहिल्या 'सप्रेम नमस्कार'पासून शेवटच्या सहीपर्यंत ते मोठ्यानं वाचून दाखवत. आई कणीक मळता मळता ऐके. आमच्याकडे पत्र वाचायचं म्हणजे मोठ्यानंच, दुसरी रीत माहीतच नव्हती. कान गेल्यावर तर आवाज कुठवर जातो याचा अंदाजच त्यांना राहिला नाही. आमच्या गावची जमिनीची भांडणं सबंध मजल्याला तोंडपाठ होती.

मी शिकले आणि सर्व्हर सांभाळायच्या कामाला लागले. ऑफिस लोअर परळला, एका पाडलेल्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. ती गिरणी बाबांची नव्हे, तिच्या पलीकडची. आयुष्यात योगायोग इतके नेटके नसतात.

माझं काम म्हणजे दिवसभर काळ्या पडद्यावर कमांड लिहिणं. एका वेळी एकच काम असेल तर ठीक, पण तसं कधी नसतं. इकडे बॅकअप चालू, तिकडे डिस्क भरत आलेली, तिसरीकडे कुणीतरी काहीतरी मोडून ठेवलेलं. त्यासाठी एक प्रोग्राम असतो, एकाच काळ्या पडद्याचे अनेक पडदे करणारा. दोन बटणं दाबली की एका कामातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पडदा मधोमध कापून दोन कामं वरखालीही ठेवता येतात. पण त्याची खरी करामत वेगळीच. ही सगळी कामं तुमच्या समोरच्या मशीनवर नसतात, दूरच्या सर्व्हरवर एका सेशनमध्ये, म्हणजे तिथं उघडून ठेवलेल्या एका बैठकीत, चालू असतात. तुम्ही सेशन सोडून घरी जा, लाइन तुटू दे, वीज जाऊ दे, आतलं काम चालूच राहतं. परत जोडून घेतलं की जिथं सोडलं होतं तिथंच सगळं सापडतं. आमच्या चाळीत इंटरनेटची वायर गच्चीवरून यायची आणि पतंगांच्या दिवसांत मांजानं कापली जायची, तेव्हा या प्रोग्रामनं माझी नोकरी वाचवली आहे.

आणखी एक सोय त्यात होती. एकाच सेशनला दोन माणसं दोन ठिकाणांहून जोडून घेऊ शकत. मी लोअर परळला बसून अक्षर लिहिलं की ते दुसऱ्याच्या पडद्यावर त्याच क्षणी उमटे. आम्ही ऑफिसात नवख्यांना शिकवायला ती वापरत असू. एक दिवस कुणाला तरी असं शिकवता शिकवता मला बाबा आठवले.

तोवर बाबा शिवडीची नोकरी सोडून घरी बसले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पण ओठ वाचण्याइतकी नजर काही परत आली नाही. कानातलं मशीन आणून झालं होतं. त्यातून नुसता गोंगाट येई, शब्द कळत नसत. "पुन्हा साचाखात्यात गेल्यासारखा वाटता," म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. मी दिवसभर ऑफिसात, फोनचा त्यांना उपयोग नाही. दिवसचे दिवस ते कुणाशी बोलत नसत. बोलणार काय, समोरच्याला ओरडायला लावायचा त्यांना संकोच वाटायला लागला होता.

ऑफिसनं टाकून दिलेला एक जुना कॉम्प्युटर मी घरी आणला आणि पिठाच्या डब्यावर फळी टाकून त्यावर मांडला. काळा पडदा, त्यावर बोटभर उंचीची पांढरी अक्षरं. ती त्यांना स्वच्छ दिसली. पडदा आडवा कापला. वरच्या अर्ध्यात बाबा लिहिणार, खालच्या अर्ध्यात मी. लाइन तुटली तर आपोआप परत जोडली जाईल अशी व्यवस्था करून ठेवली, म्हणजे त्यांनी फक्त समोर बसायचं. त्या पडद्यावर मराठी अक्षरं धड येत नसत, म्हणून लिपी इंग्रजी आणि भाषा आपली. इंग्रजी अक्षरं बाबांना कापडाच्या गाठींवरच्या छापांमुळे येत होती. शब्द लावायला वेळ लागे, ओठ हलत, पण आवाज काही निघत नसे.

आधी तारेसारखं लिहायचे. "जेवलो. भात कच्चा." मी विचारलं, आई काय म्हणते? "म्हणते बरोबर होता. खोटं." मी भर ऑफिसात हसले. मग हळूहळू हात सुटला. ओरडून जे कधी विचारता आलं नव्हतं ते त्यांनी त्या वरच्या अर्ध्यात विचारलं. एकदा लिहिलं, "तू लग्न केलं नाहीस ते आमच्यामुळे का?" मी लिहिलं, नाही बाबा, मला नको होतं. मग आलं, "मग बरं." एवढ्या वर्षांत आम्हा दोघांचं असं एकट्याचं बोलणं ते पहिलंच. मला तो प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

आई लांबूनच बघायची आणि म्हणायची, "बापूस पेटीशी गजाली करता." पण तिला आवडलं होतं. बाबांच्या चेहऱ्यावर जरा माणसात आल्याची कळा आली होती.

मग आईची अन्नावरची वासना उडाली. इतक्या लोकांना वाढलेली बाई, आणि तिला भाताचा वाससुद्धा सहन होईना. परळच्या इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, पोटात कॅन्सर आहे, खूप पसरलाय, आता त्रास द्यायला नको, घरी न्या. "पेशंटला सांगितलंय?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. आमच्यात आजारी माणसाला असला आजार सांगत नाहीत. सांगितलं की माणूस आधी मनानं मरतं, असं सगळे म्हणतात. आईला आम्ही अल्सर सांगितला. बाबांनाही तिच्यासमोर ओरडून अल्सरच सांगावा लागला. चार पावलांवर ती निजलेली, दुसरं काय सांगणार?

आणि तिथंच सगळं अडलं. बाबांना अल्सर म्हणजे पोटाची तक्रार, खाल्लं की बरं वाटणारी. ते दोन वेळा ताट घेऊन तिच्यासमोर बसत. "खा. नाय खाल्लंस तर बरी कशी होतलंस?" त्यांचं मन राखायला ती खाई आणि मग मोरीत जाऊन सगळं बाहेर टाकी. त्यांना ओकारीचा आवाज येत नसे. शिवाय तिला गावाला जायचं होतं. माहेरचं घर, आंब्याखालची विहीर, एकदा बघून यायचं होतं. बाबा म्हणत, बरी हो, मग जाऊ. ती बरी होणार नव्हती. बाबांना खरं कळलं नाही तर ती तशीच, ताटासमोर बसल्या बसल्या जाणार होती, आणि गाव राहणार होतं. बाबांना सांगणं भागच होतं. कागदावरची अक्षरं त्यांना लागत नव्हती, आणि बाहेर नेऊन ओरडलं असतं तर ते चाळभर झालं असतं. तिला न कळता सांगायची एकच जागा जगात होती.

दुपारी गोळी घेतल्यावर आईला झोप लागे. ती वेळ साधून मी ऑफिसातून सेशन जोडलं. बाबा समोर आहेत का विचारलं. "आहे," वरच्या अर्ध्यात आलं. मी लिहीत गेले. पुसलं, परत लिहिलं. शेवटी खालचा अर्धा भरला.

"बाबा, आईला अल्सर नाही. कॅन्सर आहे. पोटभर पसरलाय. आता औषध नाही असं डॉक्टर म्हणतात. दिवाळी बघेल की नाही सांगता येत नाही. तिला जेवायची बळजबरी करू नका, तिला त्रास होतो. तिला गावाला जायचंय, या आठवड्यातच घेऊन जाऊ. आईला सांगू नका."

वरचा अर्धा रिकामा. नुसता कर्सर लुकलुकत होता. माझ्या बाजूचा मुलगा वेफर्स खात होता आणि मला त्याचा इतका राग आला की काय सांगू. खूप वेळानं एक अक्षर आलं, मग दुसरं.

"वाचलं."

मग, "नाही सांगणार."

मग, "ती झोपली आहे."

मी सेशन सोडलं, वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. त्या रडण्यात, खरं सांगते, थोडी सुटकाही होती. आपण केलं, व्यवस्थित केलं, असं वाटत होतं.

संध्याकाळी चाळीत शिरले तर गॅलरीत माणसं होती आणि कुणी बोलत नव्हतं. शेजारच्या काकूंनी माझा हात धरून मला त्यांच्या खोलीत ओढलं. मग म्हणाल्या, "अगं, बाबा वाचत होते."

"काय?"

"तू काय लिहिलं होतंस ते. पत्र वाचायचे ना, तसं. एकेक शब्द लावून, मोठ्यानं. पार त्या टोकापर्यंत ऐकू गेलं गं. सगळं वाचलं. 'आईला सांगू नका' तेसुद्धा वाचलं."

एखाददुसरी ओळ ते मनात वाचत. पण हे लांबलचक होतं, वाईट बातमीचं होतं, म्हणजे त्यांच्या लेखी पत्र होतं. आणि पत्र कसं वाचायचं हे त्यांना आयुष्यभर एकाच रीतीनं माहीत होतं. आपण मोठ्यानं वाचलं हे त्यांना कळायला कान कुठे होते?

"मी धावले होते," काकू म्हणाल्या. "दारापर्यंत गेले. म्हटलं, हात धरून थांबवते. तुझी आई जागी होती. पडल्या पडल्या माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला. असा. येऊ नको म्हणून. त्यांनी वाचून संपवलं, वळून बघितलं, तोवर हिनं डोळे मिटून घेतले होते."

घरात गेले तर बाबा चहा करत होते. माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आईकडे खूण केली, बोलू नकोस म्हणून. त्यांचे डोळे लाल होते. दुधाची पिशवी आणायला ते खाली गेले तशी आई उठून बसली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"चेडवा," ती म्हणाली, "माका आयकाक इला ह्या तेंका सांगू नको हां."

"आई..."

"आपल्याच तोंडान माका सांगितला ह्या कळला, तर तेंचा काय होईत? रडा नको. ते येतीत."

ती मरणार होती आणि तिला काळजी पडली होती ती ही. तिचं दुःख करायला मला जागाच तिनं ठेवली नाही. मला तिचा राग आला, बाबांच्या कानांचा आला, त्या गिरणीचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या स्वच्छ पांढऱ्या अक्षरांचा आला.

त्या आठवड्यात आम्ही गावाला गेलो. बाबांनी कारण शोधलं होतं, हवापालटानं अल्सर लवकर बरा होतो. आईनं मान डोलावली. विहिरीजवळ खुर्ची टाकून ती दिवसभर बसायची. बाबा तिला मनाविरुद्ध एक घास खायला सांगेनात. उलट म्हणायचे, नको तर राहू दे. ती माझ्याकडे बघून हसायची. ते दिवस चांगले गेले. ते तिला मिळाले एवढं एक समाधान माझ्याकडे आहे.

परत आल्यावर बाबा रोज दुपारी वरच्या अर्ध्यात लिहीत, "तिला संशय आला का?" मी खाली लिहायची, नाही. "माझा चेहरा बरोबर असतो?" हो बाबा. एकदा लिहिलं, "काल म्हणाली, दिवाळीला करंज्या करू. मला बघवेना. बाहेर जाऊन आलो." आदल्याच रात्री आईनं मला विचारलं होतं, मी करंज्यांचा बोललंय ता तेंका खरा वाटला मां? दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती आणि दोघंही मलाच विचारत होती, नीट लपतेय ना.

चाळ यात कधी सामील झाली ते कळलंच नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. काकू रोज दारातून ओरडायच्या, "वैनी, आज तोंडावर टवटवी आहे हां! अल्सर पळाला!" खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बाबांच्या कानाशी येऊन ओरडायचे, "माझ्या मेव्हण्याला हाच आजार होता, आता पन्नास बैठका मारतो!" ज्या मजल्यावर कुणाच्या घरी पाहुणे आले तरी रस्सा काय केला हे सगळ्यांना ठाऊक असायचं, त्या मजल्यावरची लहान पोरंसुद्धा बाबांसमोर एक शब्द चुकली नाहीत. मी त्या लोकांवर आयुष्यभर वैतागत आले होते.

आई दिवाळीच्या आधी गेली. शेवटी शुद्ध नव्हती. बाबा तिचा हात धरून बसले होते आणि तिला मोठ्यानं सांगत होते, उद्या बरं वाटेल.

तेराव्याला गॅलरीत माणसं बसली होती. गोडाचा घास फिरत होता. बाबा इतके दिवस गप्प होते. कॉम्प्युटरसमोरही बसले नव्हते. अचानक ते बोलायला लागले, त्यांच्या त्या नेहमीच्या, सगळ्या मजल्याला पुरणाऱ्या आवाजात. म्हणाले, "संपात तिका काय देऊ शकलंय नाय. पुढेही काय दिलंय नाय. पण एक केलंय. शेवटपर्यंत तिका कळाक दिलंय नाय. सुखान गेली."

ज्यांनी ज्यांनी त्या दुपारी दारात येऊन ऐकलं होतं ते सगळे तिथं होते. काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली, बाबांजवळ गेल्या, त्यांच्या कानाशी वाकल्या आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडल्या, "होय हो! नाहीच कळलं तिला! आम्ही बघत होतो ना!"

मग एकेकानं मान हलवली. बाबांनी सगळ्यांकडे बघितलं, आणि शेवटी माझ्याकडे.

"खरा मां?" त्यांनी विचारलं.

मी ओरडले, "खरं, बाबा."